स्थिर मार्ग (युनिक्स)

स्थिर मार्ग किंवा स्टॅटिक रूट म्हणजे संगणकाच्या मार्ग-सारणीत व्यवस्थापकाने स्वतः केलेली नोंद होय. राउटर आपसांत माहितीची देवाणघेवाण करून जे गतिक मार्ग ठरवतात ते परिस्थितीनुसार बदलतात. स्थिर मार्ग मात्र पलीकडचा राउटर बंद पडला तरी सहसा तसाच राहतो. ही नोंद करणारी 'रूट' ही आज्ञा युनिक्समध्ये १९८३ सालच्या ४.२ बीएसडीपासून आढळते.

बहुतेक वर्कस्टेशनांना एक डिफॉल्ट मार्ग पुरतो. स्थानिक जाळ्यावर दोन राउटर असले की स्थिर मार्गाची गरज भासते. समजा, वर्कस्टेशनचा पत्ता १९२.१६८.१०.५ आहे, १९२.१६८.१०.१ हा राउटर इंटरनेटकडे नेतो, तर १९२.१६८.१०.२५४ हा प्रयोगशाळेच्या १०.२०.०.०/१६ या जाळ्याकडे. केवळ डिफॉल्ट मार्ग असल्यास प्रयोगशाळेची पॅकेटेही पहिल्या राउटरकडे जातात आणि त्याला ते जाळे ठाऊक नसेल तर पोहोचत नाहीत. 'रूट ॲड' या आज्ञेला गंतव्य जाळे, त्याचा मास्क आणि दुसऱ्या राउटरचा पत्ता दिला की ही अडचण सुटते. कर्नल नेहमी अधिक नेमकी नोंद निवडतो, त्यामुळे /१६ ची नोंद डिफॉल्ट मार्गावर मात करते. नोंदींच्या क्रमाला महत्त्व नसते. मास्क वगळल्यास काही आवृत्त्या जुन्या वर्गपद्धतीने अंदाज बांधतात, म्हणून तो स्पष्ट देणे इष्ट. पुढचा राउटर थेट जोडलेल्या जाळ्यावर असावा लागतो. शिवाय प्रयोगशाळेकडील राउटरांना परतीचा मार्ग माहीत नसेल, तर पॅकेटे जातात पण उत्तर येत नाही.

आज्ञेने केलेली नोंद केवळ कर्नलच्या स्मृतीत असते व यंत्र पुन्हा सुरू होताच नाहीशी होते. यामुळे उद्भवणारा बिघाड फसवा असतो, कारण तो बदलानंतर कित्येक महिन्यांनी उघड होऊ शकतो. सोलारिसमध्ये डिफॉल्ट राउटर 'इटीसी' निर्देशिकेतील 'डिफॉल्टराउटर' या फाइलीत लिहीत. इतर मार्गांसाठी पूर्वी आरंभ-स्क्रिप्ट रचावी लागे, नंतरच्या आवृत्त्यांत 'रूट' आज्ञेलाच 'पी' हा पर्याय मिळाला. फ्रीबीएसडीत हे मार्ग 'आरसी.कॉन्फ' फाइलीत नोंदवतात.

सारणी पाहण्यासाठी 'नेटस्टॅट' ही आज्ञा 'आर' व 'एन' या पर्यायांसह वापरतात. 'एन' वगळल्यास आज्ञा पत्त्यांची नावे शोधू लागते आणि नाव-सेवकाकडे जाणारा मार्गच तुटलेला असेल तर खोळंबते. दुसऱ्या जाळ्यावरून दूरस्थ सत्रात काम करताना डिफॉल्ट मार्ग आधी हटवल्यास ते सत्रच तुटते व पुढची दुरुस्ती यंत्रासमोर बसूनच करावी लागते.