सोंग, ढोंग आणि अवधान-न्यूनता

मराठीतील ‘सोंग’ आणि ‘ढोंग’ हे शब्द एकार्थी नाहीत. बहुरूपी सोंग आणतो ते पाहणाऱ्याच्या मूक संमतीने. ढोंगात ती संमती नसते. ‘एडीएचडी’ या आद्याक्षरांनी परिचित असलेल्या अवधान-न्यूनता विकाराचा आव आणणारा महाविद्यालयीन विद्यार्थी ढोंग करतो हे खरे. परंतु त्याची भूमिका सोंगासारखीच आधी लिहून ठेवलेली असते, आणि म्हणून हा प्रश्न तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला परका वाटू नये.

ही लिखित संहिता म्हणजे अमेरिकी मनोविकार संघटनेची निदानसूची. तीत अनवधानाची 9 आणि अतिक्रियता-उतावीळपणाची 9 लक्षणे दिली आहेत. ती कोणालाही वाचता येतात. सॉलमन, रॅन्सीन आणि बेरी यांच्या 2010 च्या अभ्यासात महाजालावरील थोडीशी माहिती वाचलेले निरोगी विद्यार्थी स्वनिवेदनाच्या प्रश्नावल्यांवर खऱ्या रुग्णांसारखेच दिसले. कथन निर्दोष होते. कथनाच्या आधारे पारख होऊ शकली नाही.

मग पारख कशी व्हावी? ट्रोजन कथाचक्रातील ओडिसियस युद्ध टाळण्यासाठी वेडाचे सोंग घेऊन नांगर चालवू लागला, तेव्हा पालामीडीजने त्याच्या वेडाची लक्षणे तपासली नाहीत; नांगरापुढे तान्हा टेलेमाकस ठेवला. आधुनिक चाचण्यांची युक्ती याच जातीची आहे. टॉमबॉ यांच्या 1996 च्या स्मृतिचाचणीत 50 चित्रे दाखवून, नंतर प्रत्येक चित्र एका नव्या चित्राशेजारी ठेवून आधीचे कोणते ते विचारतात. चाचणी अवघड भासते, असते मात्र सोपी. अवधान खरोखर दुबळे असलेलेही दुसऱ्या फेरीत सहसा 45 च्या वर जातात. ढोंगी मात्र ‘रुग्णाला हे जमणार नाही’ असे समजून चुका करतो. केवळ अंदाजाने 25 च्या आसपास उत्तरे बरोबर येतात. ती 18 हूनही कमी आली, तर योग्य उत्तर ओळखून टाळले असाच तर्क करावा लागतो. ओडिसियस शहाणपणाने सापडला. हा विद्यार्थी रुग्णाहूनही अधिक रुग्ण झाल्यामुळे सापडतो.

असे बहुतेक अभ्यास उत्तर अमेरिकेतील आहेत. तेथे उत्तेजक औषध आणि परीक्षेतील वाढीव वेळ ही दोन प्रलोभने. चेन्नईत चित्र निराळे आहे. मेथिलफेनिडेट भारतात 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येते. आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन-अक्षमता आहे, अवधान-न्यूनता स्वतंत्रपणे नाही. सवलतीची वाट अरुंद, त्यामुळे खऱ्या विद्यार्थ्यावर ढोंगाचा शिक्का बसणे येथे अधिक महागात पडते.

त्यात भाषेची भर. चेन्नईच्या एकाच वर्गात इंग्रजीत शिकणारे आणि घरी तमिळ, तेलुगू, उर्दू किंवा तंजावरी मराठी बोलणारे विद्यार्थी असतात. इंग्रजी शब्दजोड्यांवर बेतलेल्या चाचणीतील अपयश अनवधानाचे, अप्रामाणिकपणाचे की परक्या भाषेचे, हे गुणांकावरून उमगत नाही. चित्रांची चाचणी येथे थोडी न्याय्य ठरते, तरी सूचना भाषेतूनच द्याव्या लागतात. शिवाय चाचणीतील अपयश हेतू सिद्ध करीत नाही. थकवा आणि अनास्थाही तेच करतात. म्हणून शालेय प्रगतिपुस्तकांना महत्त्व येते: 2013 च्या निदानसूचीनुसार काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात, आणि चौथीच्या वर्गशिक्षिकेने तेव्हा लिहिलेला शेरा विसाव्या वर्षी पाठ करून आणता येत नाही. तो शेरा तमिळमध्ये असेल, तर परीक्षकाने मूळच वाचावा.