केदारकडू

काष्ठौषधींच्या दुकानात कुटकी मागितली म्हणजे दुकानदार पुडीत जे बांधून देतो, ते बोटभर लांबीचे, करड्या-तपकिरी रंगाचे, वजनाला अगदी हलके असे वाकडे तुकडे पाहून तिच्या लौकिकावर सहसा विश्वास बसत नाही. त्यावरील खपल्या माशाच्या खवल्यांसारख्या, म्हणून प्राचीनांनी तिला ‘मत्स्यशकला’ म्हटले. तुकडा मोडला की आत चक्राकृती दिसते, म्हणून ‘चक्रांगी’. आणि कणभर जिभेवर ठेवताच जो कडवटपणा पाण्याच्या दोन-चार गुळण्यांनीही हटत नाही, त्यामुळे ‘तिक्ता’. मराठीतल्या ‘केदारकडू’ ह्या नावात तर तिचा मुलूखही आला. (आदिवासी मुलुखात भातासारखे शिजवून खातात ते कुटकी नावाचे धान्य निराळे.)

हिमालयात सुमारे ३००० ते ४५०० मीटर उंचीवर, खडकाळ उतारांवर ही लहानशी वनस्पती जमिनीलगत पसरते. चरकसंहितेने ‘शकुलादनी’ ह्या नावाने तिची गणना भेदनीय, म्हणजे साचलेला मळ फोडून बाहेर काढणाऱ्या द्रव्यांत केली, आणि यकृताच्या विकारांत वैद्य जी आरोग्यवर्धिनी देतात, तिच्यात इतर सर्व द्रव्यांच्या एकत्रित वजनाइतकी एकटी कुटकी घालून वर कडुनिंबाच्या पानांच्या रसाची भावना देतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने कुटकीपासून तयार केलेल्या ‘पिक्रोलिव्ह’ने प्राण्यांवरील प्रयोगांत विषारी द्रव्यांपासून यकृताचा बचाव केल्याचे आढळले. तथापि कुटकी अधिक मात्रेत रेचक आहे आणि आरोग्यवर्धिनीत पाराही असतो. तेव्हा डोळे पिवळे दिसताच रक्त तपासून न घेता घरच्या घरी पुडी उघडणे सर्वथा गैर होय.

मला खरी चिंता वाटते ती ह्या वनस्पतीचीच. पान खुडले तर झाड पुन्हा फुटते. परंतु येथे जमिनीतला कंदच औषध असल्यामुळे खणणारा बहुधा सबंध रोप उपटूनच नेतो. १९९७ साली तिचे नाव संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात दाखल झाले व निर्यातीस परवाना आवश्यक ठरला. पण देशातल्या देशात होणाऱ्या खपाला त्या कराराचा अटकाव नाही. उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात घेससारख्या गावांचे शेतकरी तिची लागवड करतात, आणि पीक हाती यायला त्यांना सुमारे तीन वर्षे थांबावे लागते. वाचकांना माझी विनंती आहे, की वैद्यांनी कुटकी लिहून दिली तर ती शेतातली की रानातली, एवढे दुकानदाराला अवश्य विचारावे, आणि शेतातल्या मालाला दोन पैसे अधिक पडले तरी तोच घ्यावा.