गच्चीवरची माती पावसाला कसा उशीर करते

१०० चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी होते. वीस मिनिटांत वीस मिलिमीटरची सर कोसळली, तर २,००० लिटर. उघड्या गच्चीवरून यातले बहुतेक पाणी सर ओसरेपर्यंत पाइपातून खाली आलेले असते. गल्लीतल्या सगळ्याच घरांचे पाणी असे एकाच वेळी आले की गटार तुंबते. हिरव्या गच्चीने करायचे काम इथे आहे: पाणी थोडे पिऊन टाकायचे आणि उरलेल्याला उशीर करायचा.

हे कसे होते ते वरून खाली येत पाहू. थोडे पाणी पानांवरच राहते. बाकीचे मातीच्या थरात शिरते आणि तिथल्या रिकाम्या पोकळ्या भरत जाते. दहा सेंटिमीटरचा थर कोरडा असेल, तर त्यात साधारण ३० मिलिमीटर पाऊस मावतो. म्हणजे आपल्या गच्चीवर ३,००० लिटर. पोकळ्या भरल्यावर जादा पाणी खाली झिरपते. तिथे न विणलेले जाड कापड असते. ते माती अडवते, पाणी सोडते. त्याखाली खड्यांचा किंवा खाचा असलेल्या प्लास्टिक पत्र्याचा निचरा थर. त्यातून पाणी वाट काढत पाइपाच्या तोंडाशी येते. सर्वांत खाली मुळे रोखणारा पडदा, वॉटरप्रूफिंग आणि स्लॅब.

पोकळ्या पुन्हा रिकाम्या होतात त्या ऊन, वारा आणि झाडांच्या पानांमुळे. आपल्याकडे अडचण इथेच येते. जर्मनीत अशी छपरे फार आहेत, पण तिथला पाऊस वर्षभर विखुरलेला असतो. मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. जुलैच्या झडीत थर आधीच भिजलेला असतो आणि ढगाळ हवेत तो सुकत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; असा थर त्यातल्या सुरुवातीच्या सरींतच भरून गेला असता. म्हणून हिरवी गच्ची पूर टाळेल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. तिचा खरा उपयोग मेमधल्या वळवाला, जूनच्या पहिल्या सरींना, उघडिपीनंतरच्या पावसाला. थर कोरडा असताना अंगावर येणारा वळीव ती जवळजवळ पूर्ण रिचवू शकते.

आता वजन. इथे हयगय मुळीच नको. एक घनमीटर ओली लाल माती दोन टनांच्या जवळपास भरते, म्हणजे दहा सेंटिमीटरचा थर चौरस मीटरला सुमारे २०० किलो. माणसांच्या वापराच्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार साधारण १५० किलो आहे. त्यामुळे शेतातली माती चढवायची नाही. विटांचा चुरा, कोकोपीट, परलाइट आणि थोडे कंपोस्ट असे मिश्रण बरेच हलके होते. नुसते कोकोपीट मात्र कुजून बसते. मिश्रण कोणतेही असो, पूर्ण भिजल्यावर त्याचे वजन किती होईल तो आकडा घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरला स्लॅब दाखवल्याशिवाय पहिले पोते वर नेऊ नये.

थर घालण्याआधी पाइपांची तोंडे बंद करून गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून ठेवावे आणि खालच्या छतावर ओल येते का ते पाहावे. नंतर गळती सापडली तर सगळी माती उपसावी लागते. कठड्यालगत आणि पाइपाच्या तोंडाभोवती फूटभर पट्टा फक्त खड्यांचा ठेवावा.

झाडांसाठी सह्याद्रीतले सडे पाहावेत. कासच्या पठारावर जांभ्या दगडावर जेमतेम मातीचा थर असतो. त्यावरच्या वनस्पती पावसात उगवतात, फुलतात आणि नंतर वाळतात. तिथली रोपे आणायची नाहीत, ते क्षेत्र संरक्षित आहे. पण ती रीत घ्यावी. तेरडा, चिनी गुलाब, पानफुटी, स्थानिक गवते चालतात. एप्रिलमध्ये गच्ची पिवळी पडली तर पडू द्यावी. ती हिरवी राखायला टँकरचे पाणी ओतणे मला पटत नाही. पक्ष्यांनी आणलेली पिंपळ-वडाची रोपे मात्र दिसताच उपटावीत, त्यांची मुळे स्लॅबपर्यंत जातात.

गच्चीने सोडलेले पाणी खाली टाकीत घ्यावे. ते किंचित तपकिरी असते. बागेला आणि संडासाला चांगले, पिण्याला नाही. टाकीच्या तोंडावर घट्ट जाळी हवी, नाहीतर डासांची पैदास होते. टाकी भरल्यावरचे पाणी दगड, खडी आणि वाळू भरलेल्या शोषखड्ड्यात सोडावे. खड्डा पायापासून दूर असावा. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, तिथे खड्डा मुरूम लागेपर्यंत खोल घ्यावा. त्याचेही पोट भरेल, म्हणून ओसंडणारी नळी पावसाळी गटाराकडे काढावी. सांडपाण्याच्या चेंबरला ती जोडली, तर मोठ्या सरीला तेच पाणी मैल्यासकट तळमजल्याच्या न्हाणीघरात वर येते.