टाइप लिहिला म्हणजे तपासणी झाली?

पायथॉनमध्ये काम करणाऱ्यांत एक समज पक्का रुजला आहे: आर्ग्युमेंटला ‘लिटरल’ टाइप देऊन ठरावीक किमती लिहिल्या, की त्यांच्याबाहेरची किंमत फंक्शनमध्ये शिरूच शकत नाही. हे साफ चूक आहे. तरीही कोड रिव्ह्यूमध्ये ‘टाइप दिलाय की!’ हे उत्तर हटकून मिळतं.

यादी लावणारं एक फंक्शन घ्या. ‘दिशा’ या आर्ग्युमेंटला ‘चढता’ आणि ‘उतरता’ याच किमती चालतील, असं टाइपमध्ये लिहिलं. आत एकच अट: ‘चढता’ असेल तर सरळ क्रम, नाहीतर उलटा. कुणीतरी ‘चढती’ पाठवलं. एरर नाही, वॉर्निंग नाही. यादी निमूट उलटी लागते आणि चूक थेट अहवालात दिसते.

कारण पायथॉन तो टाइप फक्त नोंदून ठेवतो, चालताना तपासत नाही. अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. टाइप हिंट्सचा पाया घालणाऱ्या ‘पेप ४८४’नेही भाषा डायनॅमिकच राहील, असं बजावलं होतं. ‘लिटरल’ २०१९ मध्ये पायथॉन ३.८ बरोबर आला, त्यालाही हाच नियम. मायपायसारखं साधन कोडमधली चूक आधीच पकडतं, ते जरूर वापरावं; पण वेबफॉर्ममधून किंवा सीएसव्ही फाइलमधून उद्या काय येणार, हे त्याला कसं कळावं? टाइपस्क्रिप्टचंही तेच: कंपाइल होताना टाइप पुसले जातात.

म्हणून फंक्शनच्या सुरुवातीलाच किंमत चालणाऱ्या किमतींच्या संचात आहे का ते बघायचं, नसेल तर व्हॅल्यूएरर द्यायचा आणि त्यात आलेली किंमत व तो संच दोन्ही सांगायचे. पायथॉनचं स्वतःचं ‘इंट’ बघा: बेस ३७ दिला, तर २ ते ३६ किंवा ० द्या, असं ते स्पष्ट सांगतं.

‘असर्ट पुरेसा आहे’ हेही ऐकू येतं. पण मायनस ओ पर्याय देऊन प्रोग्रॅम चालवला, की सगळे असर्ट गळतात.

संच लिहितानाही जपावं: ‘चढता’ ही एकच किंमत कंसात लिहिताना स्वल्पविराम विसरला, तर टपल होत नाही, साधी स्ट्रिंग उरते. मग ‘चढ’ हा तुकडाही पास होतो.

एसक्यूएल क्वेरीबाबत विचारतात, ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट आहे, मग तपासायचं कशाला?’ पण ऑर्डर बायमधलं कॉलमचं नाव किंवा क्रमाची दिशा प्लेसहोल्डरने देताच येत नाही. तिथे ठरलेल्या यादीशी ताडून बघा, असं ओवॅस्प या वेबसुरक्षा संस्थेचं मार्गदर्शनही सांगतं.