दारावरचा जाहीरनामा – लेखांक सहावा : शिळे आकडे

गेल्या आठवड्यात संदेशाच्या रंगांविषयी लिहिण्याचे आश्वासन देऊन लेख आटोपता घेतला होता. परंतु दरम्यान एका वाचकांचे जे पत्र हाती आले, त्यातील हकीकत इतकी सुरस आहे, आणि लॉगिनच्या वेळी दिसणाऱ्या ‘एमओटीडी’ म्हणजे ‘आजचा संदेश’ याचे मर्म तिच्यात इतके नेमके उतरले आहे, की रंगांना आणखी एक आठवडा ताटकळत ठेवणे मला भाग पडले.

पत्राचा मतलब असा. वाचकमहाशयांनी आपल्या उबुंटू सर्व्हरवर ‘अपडेट-एमओटीडी डॉट डी’ या डिरेक्टरीत आपली स्क्रिप्ट रीतसर ठेवली. नावाला ‘डॉट एसएच’ची शेपटी लावली तर डिरेक्टरीतील स्क्रिप्ट चालवणारा ‘रन-पार्ट्स’ त्या फाइलीकडे ढुंकूनही पाहत नाही, ही सूचना त्यांनी ध्यानात ठेवली होती, आणि फाइल चालवण्याची परवानगी द्यायलाही ते विसरले नव्हते. लोड, मेमरी आणि डिस्क यांचे आकडे काही दिवस बिनतक्रार दिसत राहिले. पुढे एके दिवशी एन्जिनएक्स ही वेबसेवा बंद पडली आणि ते बऱ्याच उशिराने कळले; तेव्हा असा प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून, सेवा बंद असतानाच, त्यांनी स्क्रिप्टच्या तळाशी एक ओळ वाढवली: ‘सिस्टमसीटीएल’कडून निकामी सेवांची यादी मागवायची आणि तिच्यातून ‘ग्रेप’ने ‘फेल्ड’ हा शब्द असलेल्या ओळी तेवढ्या निवडायच्या. लॉगिन करून पाहिले, तो एन्जिनएक्सचे नाव झळकले. मग त्यांनी सेवा दुरुस्त केली, संकेतस्थळ उघडू लागले. आणि तरीही प्रत्येक लॉगिनला संदेश आपला एन्जिनएक्स बंद असल्याचेच सांगत राहिला. इतकेच नव्हे, तर लोडचा आकडाही दशांशापर्यंत तोच, मेमरीही तीच. स्क्रिप्ट हाताने चालवावी तर सारे आकडे ताजे! शेवटी वैतागून त्यांनी सर्व्हर रीबूट केला, आणि तेव्हापासून संदेश दिसेनासाच झाला. ‘आधी शिळे बोलत होता, आता मुका झाला,’ असे त्यांचे शब्द आहेत.

या कोड्याची उकल करायची, तर आपण लॉगिन करतो त्या क्षणी पडद्याआड काय घडते ते जरा सावकाशीने पाहिले पाहिजे. आपली ओळख पटल्यावर, शेल हाती येण्यापूर्वी, पॅम या प्रमाणीकरण-व्यवस्थेतील ‘पॅम-एमओटीडी’ नावाचे मॉड्यूल रूटच्या अधिकाराने रन-पार्ट्सला हुकूम सोडते. रन-पार्ट्स त्या डिरेक्टरीतील एकेक स्क्रिप्ट नावाच्या क्रमाने चालवतो. परंतु त्यांनी उच्चारलेला मजकूर थेट आपल्या पडद्यावर येत नाही, तर ‘रन’ या डिरेक्टरीतील एका कच्च्या फाइलीत उतरतो, जिचे नाव ‘एमओटीडी डॉट डायनॅमिक डॉट न्यू’. रन-पार्ट्सने काम फत्ते झाल्याचे कळवले, तरच या कच्च्या फाइलीच्या नावातला ‘न्यू’ गाळून तिला पक्क्या फाइलीच्या जागी बसवले जाते. आणि आपल्याला दाखवली जाते ती नेहमी पक्की फाइल, मग ती आत्ताची असो वा परवाची.

आता ‘काम फत्ते’ याचा निवाडा कसा होतो? लिनक्सवरील प्रत्येक कार्यक्रम संपताना एक एक्झिट कोड मागे ठेवतो. शून्य म्हणजे यश, शून्येतर म्हणजे काहीतरी बिनसले. स्क्रिप्टने स्वतः निराळे काही सांगितले नाही, तर तिच्या शेवटच्या आज्ञेचा कोड हाच तिचा कोड मानण्याचा शिरस्ता आहे. आणि इतक्या स्क्रिप्टांपैकी एकीनेही शून्येतर आकडा दिला, तर रन-पार्ट्स उरलेल्या स्क्रिप्ट चालवतो खरा, पण स्वतःच्या वतीने मात्र ‘एक’ हाच दाखला देतो.

आणि ग्रेपचा शिरस्ता काय? शोधलेला शब्द सापडला तर शून्य, न सापडला तर एक. म्हणजे आमच्या वाचकांच्या सर्व्हरवर, जोवर कोणती तरी सेवा बंद होती तोवर ग्रेपला ‘फेल्ड’ हा शब्द सापडत होता, स्क्रिप्ट यशस्वी ठरत होती आणि संदेश ताजा निघत होता. ज्या क्षणी त्यांनी सेवा दुरुस्त केली त्या क्षणी शब्द सापडेनासा झाला, स्क्रिप्ट अयशस्वी ठरली, कच्ची फाइल कच्चीच राहिली, आणि पक्क्या फाइलीत सेवा बंद असतानाचा तो अखेरचा मजकूर जसाच्या तसा गोठून बसला. सर्व्हर निरोगी झाला म्हणून संदेश आजारी पडला, असा हा विपरीत न्याय! रीबूटनंतरच्या मौनाचा खुलासाही यातच आहे: ‘रन’ डिरेक्टरी मेमरीत राहते, डिस्कवर नव्हे; त्यामुळे यंत्र पुन्हा सुरू झाले तेव्हा पक्की फाइल नाहीशी झाली, आणि तिची जागा घ्यायला नवी काही सिद्ध होईना.

इलाज एका ओळीचा आहे. स्क्रिप्टच्या अगदी शेवटी ‘एक्झिट शून्य’ लिहावे. शब्द न सापडणे हा जिथे अपराध नसून सुवार्ता आहे, तिथे ग्रेपच्या मताला निकालाचे वजन देण्याचे कारण नाही. पडताळा घ्यायचा तर एकटी स्क्रिप्ट हाताने चालवून भागत नाही. ‘सुडो’ने रूट होऊन, ‘एन्व्ह’ या आज्ञेला ‘उणे आय’ जोडून, ‘पाथ’ तेवढा देऊन, सबंध डिरेक्टरीवर रन-पार्ट्स ‘एलएसबीसिसइनिट’ या पर्यायासह चालवावा आणि लगेच त्याचा एक्झिट कोड विचारावा. कोणती स्क्रिप्ट रुसली आहे, तिचे नाव रन-पार्ट्स स्वतःच सांगतो. ‘उणे आय’चा आग्रह यासाठी, की पॅमही नेमके तेच करते: आपल्या शेलमधील सारे एन्व्हायरन्मेंट पुसून, ‘पाथ’खेरीज काहीही हाती न देता स्क्रिप्टांना कामाला लावते. हाताने चालवताना आपल्या पदरी जे असते, त्यातले तिथे काहीच नसते.

कच्च्या-पक्क्या फाइलींचा हा खटाटोप हवाच कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की एकाच फाइल-प्रणालीत फाइलीचे नाव बदलणे ही लिनक्सवर अखंड क्रिया आहे. वाचणाऱ्याला एक तर संपूर्ण जुना मजकूर मिळतो किंवा संपूर्ण नवा, अर्धामुर्धा कधीच नाही. तात्पुरत्या फाइलींच्या बाबतीत गाफील राहिल्याने काय अनर्थ होतो, याचा एक जुना आणि प्रसिद्ध दाखला, योगायोगाने, याच संदेशाच्या इतिहासात सापडतो. एमआयटीतील सीटीएसएस ही अनेकांनी एकाच वेळी वापरायची आद्य संगणकप्रणाली. तिचे प्रमुख शिल्पकार फर्नांडो कॉर्बातो यांनी १९९० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात ही हकीकत सांगितली आहे. प्रणालीचा संपादक-कार्यक्रम, एका डिरेक्टरीत एका वेळी एकच मनुष्य काम करील या समजुतीवर रचलेला असल्याने, तात्पुरत्या फाइलीला नेहमी एकच ठराविक नाव देत असे. एकदा दोन व्यवस्थापक एकाच डिरेक्टरीत एकाच वेळी बसले. एक त्या दिवसाचा संदेश सुधारत होता, दुसरा पासवर्डांची फाइल. दोन्ही तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली, आणि त्यानंतर जो कोणी लॉगिन करील त्याच्यापुढे साऱ्या सभासदांचे पासवर्ड छापून येऊ लागले! हे पासवर्ड त्या काळी उघड्या अक्षरांतच साठवलेले असत, हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा या व्यवस्थेच्या रचनाकारांनी अर्धवट नव्यापेक्षा संपूर्ण जुने पत्करले, हे धोरण म्हणून मला मान्य आहे. माझा आक्षेप एवढाच, की जुने ते जुने म्हणून ओळखू येण्याची कोणतीही तजवीज त्यांनी ठेवली नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे पान फाडायचे राहिले तर निदान त्यावर छापलेल्या तारखेवरून ते ध्यानात येते. आपल्या संदेशात मात्र लोड आहे, मेमरी आहे, डिस्क आहे, पण हे सारे केव्हा मोजले याचा उच्चार नाही. चुकीचा आकडा पुष्कळदा आपल्या विक्षिप्तपणाने उघडकीस येतो. शिळा आकडा कधीकाळी खरा असल्यामुळे सर्वस्वी विश्वसनीय दिसतो, आणि रात्री-अपरात्री धावपळीत लॉगिन करणारा मनुष्य त्याच्यावर विसंबून निर्णय घेऊन मोकळा होतो. यास्तव माझी शिफारस अशी, की संदेशाची पहिली ओळ ‘डेट’ या आज्ञेची असावी, तास, मिनिटे आणि सेकंदांसह. तीवर नजर टाकल्याखेरीज खालचा एकही आकडा वाचू नये. ज्या माहितीला स्वतःची वेळ ठाऊक नाही, ती सर्व्हरच्या प्रकृतीविषयी साक्ष द्यायला लायक नव्हे.

रंगांविषयी एक सूचना मात्र आजच करून ठेवतो, म्हणजे उतावीळ वाचकांचा हिरमोड होणार नाही. एन्व्हायरन्मेंट पुसलेले असल्यामुळे ‘टर्म’ हे चलही तिथे नसते, आणि त्यावाचून रंग देणाऱ्या ‘टीपुट’ या आज्ञेला समोरचा पडदा कोणत्या जातीचा आहे हे कळत नाही, म्हणून हाताने चालवल्यावर हिरवीगार दिसणारी ओळ लॉगिनच्या वेळी कोरडी उतरते. त्याची वाट पुढील लेखांकात काढू. अट एकच: मध्यंतरी कोणाचे डिस्कचा आकडा देणाऱ्या ‘डीएफ’ या आज्ञेविषयी पत्र येऊ नये. कारण दूरच्या यंत्रावरील एनएफएस डिस्क मेलेली असता डीएफ तिच्या उत्तराची वाट पाहत बसतो, पॅम डीएफची वाट पाहते, आणि तुम्ही मात्र बरोबर पासवर्ड देऊनही दाराबाहेर तिष्ठत राहता. तो विषय निघाला, की रंगांचा आणखी एक आठवडा गेलाच म्हणून समजा.