चिठ्ठीवरचे नाव आणि रोग्याचा खिसा

मधुमेह आणि रक्तदाब हे विकार आता केवळ सुखवस्तूंचे राहिलेले नाहीत. अमरावतीचा निवृत्त शिक्षक काय किंवा अकोल्याच्या बाजार समितीतील कारकून काय, महिन्याच्या आरंभी किराण्याच्या यादीसोबत औषधांची चिठ्ठीही त्याच्या हाती असते. किराणा महाग वाटला तर दुकान बदलता येते. औषधाच्या बाबतीत ही मुभा त्याला कितपत आहे?

रक्तदाबावरील अ‍ॅम्लोडिपिन हे जुने, कोणा एकाच्या मक्त्याचे नसलेले औषध अनेक कंपन्या आपापल्या नावाने विकतात. द्रव्य तेच, मात्रा तीच; किंमत मात्र नावागणिक निराळी. डॉक्टरांनी व्यापारी नाव लिहिले की विक्रेत्याने त्याऐवजी तेच द्रव्य असलेली स्वस्त गोळी देणे औषध नियमावलीच्या 65व्या नियमाने निषिद्ध ठरते. म्हणजे जो पैसे देतो त्याला निवड नाही आणि जो निवड करतो त्याला पैसे द्यावयाचे नाहीत! बाजाराचे असे विपरीत रूप अन्यत्र क्वचितच आढळेल.

व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करावीत, असे हाथी समितीने 1975 सालीच सुचविले होते. ते झाले नाही. उलट 2013 च्या किंमत नियंत्रण आदेशाने उत्पादनखर्चाचा आधार सोडून, बाजारात किमान एक टक्का हिस्सा असलेल्या नाममुद्रांच्या किमतींची सरासरी कमाल किमतीसाठी प्रमाण मानली. महाग नावेच मोजमापात धरल्यावर मर्यादा उंच राहिली तर नवल कसले? राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये मूळ नावाने औषध लिहिण्याची सक्ती केली खरी. परंतु तो महिना सरण्यापूर्वीच ते नियम स्थगित झाले.

स्वस्त औषधाच्या दर्जाविषयी डॉक्टर शंका घेतात, ती सर्वस्वी निराधार नाही. पाण्यात सहज न विरघळणाऱ्या औषधांसाठी जैवसमतुल्यतेची चाचणी 2017 साली सक्तीची झाली. परंतु तोवर ती चाचणी नामांकित कंपन्यांच्या जुन्या गोळ्यांनाही लागत नव्हती, हे सोयीस्करपणे विसरले जाते. 2008 साली सुरू झालेल्या जनऔषधी केंद्रांतील मालाची प्रत्येक तुकडी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते. 2025 च्या प्रारंभी अशी केंद्रे देशात 15,000 झाली. मात्र व्यापारी नावाची चिठ्ठी तेथे अडते.

ती अडू नये म्हणून दर्यापूरहून कापूस विकून आलेल्या शेतकऱ्याने ‘डॉक्टरसाहेब, औषधाचे मूळ नाव लिहून द्या’ असे म्हणावयास हवे. तेवढे धाडस त्याच्यापाशी बहुधा नसते. ते लागूच नये, एवढ्यासाठी 65वा नियम बदलण्याची मागणी शिक्षक आणि कर्मचारी संघटनांनी तरी करावी. महागाई भत्त्यासाठी त्या मोर्चे काढतातच.