घरचे धान्य, घरचा आधार

आपला धाराशिव जिल्हा अवर्षणप्रवण. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून दिवस काढलेली आपली वडीलधारी माणसे सुगीला आधी कणगी भरत, मग बाजार पाहत. आज आपण काढणी होताच ज्वारी विकतो आणि आषाढात तीच चढ्या भावाने, प्रसंगी कर्ज काढून, विकत आणतो. हे थांबले पाहिजे.

साठवण अवघड नाही. ज्वारी दाताखाली कट्‌ वाजेपर्यंत उन्हात वाळवावी. पूर्ण निवल्यावरच भरावी; गरम धान्याला आत पाणी सुटून बुरशी येते. कणगी शेणमातीने लिंपून, दगडांवर, भिंतीपासून दूर ठेवावी. कडुलिंबाचा पाला सावलीत सुकवूनच घालावा. कडधान्याला चाळलेली राख चोळावी.

१९९३ च्या भूकंपानंतरच्या कामातून उभ्या राहिलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साथीने जिल्ह्यातील महिलांनी एकेक एकरात घरच्या खाण्यासाठी धान्य, कडधान्ये व भाजीपाला पिकविला. ज्यांना शेत नाही, अशा पाच-सहा घरांनी मिळून सुगीतच पोती घ्यावीत. विद्यार्थ्यांनी उन्हाळी सुट्टीत धान्य वाळविण्यास हातभार लावावा.

कणगी भरलेली असेल तर पावसाळ्यात सावकाराची पायरी चढावी लागत नाही, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.